बांडगुळाचा रात्रीचा माळी

आंब्यावर बांडगूळ दिसलं की कोकणात पहिली आठवण कोयत्याची होते. मोहोर येण्याआधी माणूस झाडावर चढवायचा, बांडगुळाच्या फांद्या छाटायच्या, जमल्यास खालची थोडी फांदीही कापायची. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसालाही आपण बांडगूळच म्हणतो. पण ते झाडाच्या शेंड्यावर पोचतं कसं, हे बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसतं.

मी ते एकदा अगदी जवळून पाहिलं. फुलटोच्या नावाचा जेमतेम अंगठ्याएवढा पक्षी आंब्याच्या खालच्या फांदीवर बसला होता. बांडगुळाचं फळ त्याने अख्खंच गिळलं. थोड्या वेळाने तो फांदीवर आडवा झाला, शेपटी खाली दाबली आणि बूड फांदीला घासलं. तो उडून गेल्यावर मी वाकून पाहिलं. सालीवर एक बी चिकटली होती आणि तिच्यापासून डिंकासारखा चकचकीत धागा लोंबत होता. बोटाने ओढला तर तो लांबला, पण तुटला नाही. बांडगुळाला जमिनीत रुजून चालत नाही, त्याला जिवंत फांदीच लागते. म्हणून बी चिकट हवी आणि ती फांदीवर नेऊन ठेवणारं कोणीतरी हवं. आपल्याकडे हे काम पक्षी करतात.

दक्षिण अमेरिकेच्या खालच्या टोकाकडे, चिली आणि अर्जेंटिनाच्या थंड जंगलात, हेच काम पक्षी करत नाही. तिथे ते रात्री होतं, आणि करणारा प्राणी कांगारूच्या गोतावळ्यातला आहे.

त्याचं स्पॅनिश नाव मोनितो देल मोन्ते, म्हणजे रानातलं माकडुलं. माकडाशी त्याचं काहीच नातं नाही. पुढच्या-मागच्या पायांनी आणि शेपटीने फांद्या धरत तो ज्या सफाईने फिरतो, ते पाहून लोकांनी हे नाव ठेवलं असावं. शास्त्रीय नाव ड्रोमिसिओप्स ग्लिरॉइडिस. लंडनच्या संग्रहालयातल्या ओल्डफील्ड थॉमस यांनी 1894 मध्ये ते दिलं. वजन साधारण 16 ते 42 ग्रॅम, म्हणजे एखादा चिमणीएवढा, तर एखादा थोडा भारी. डोकं-धड दहा-बारा सेंटीमीटर आणि जवळजवळ तेवढीच शेपटी. कान गोल, नाक आखूड, आणि मोठ्या डोळ्यांभोवती काळी कडी, जणू कोणी काजळ जरा जास्तच फासलंय. अंगावर दाट, मऊ, करडी-तपकिरी लव, खांद्यांवर आणि कमरेवर फिकट ठिपके. शेपटीवरही लव असते, फक्त टोकाजवळ खालच्या बाजूला एक छोटी पट्टी उघडी राहते. शेपटीचा वेढा फांदीभोवती पडला की तीच पट्टी पकड घेते.

पोटाला पिशवी असणाऱ्या प्राण्यांना मराठीत शिशुधान प्राणी म्हणतात. त्यांची पिल्लं अगदी अर्धवट वाढलेल्या अवस्थेत जन्मतात आणि पुढची वाढ आईच्या पिशवीत, आचळाला तोंड लावून पूर्ण करतात. मोनितोच्या मादीला आचळं चार, त्यामुळे एका वेळी फार तर चारच पिल्लं नीट वाढतात. पिल्लं आधी पिशवीत असतात, मग घरट्यात, मग आईच्या पाठीवर. पाठीवरून उतरल्यावरही ती काही काळ तिच्या मागेमागेच रात्री हिंडतात. वयात यायलाच त्यांना दोन वर्षं लागतात. एवढ्या लहान प्राण्यासाठी हा वेळ फार आहे. उंदराच्या या वेळेत कितीतरी पिढ्या होऊन जातात. म्हणून मोनितोची संख्या एकदा घटली की पटकन भरून येत नाही.

आता पुन्हा बांडगुळाकडे येऊ. या जंगलातल्या बांडगुळाला तिथे किंत्राल म्हणतात. आपलं आंब्यावरचं बांडगूळ आणि हे किंत्राल दोन्ही एकाच कुळातली, लोरँथेसी कुळातली. फुलंही सारखीच नळीदार आणि भडक. पण दक्षिणेच्या या दाट जंगलात किंत्रालची फळं पिकली तरी हिरवीच राहतात. पक्षी फळ शोधतो डोळ्यांनी, आणि हिरव्या पानांत लपलेलं हिरवं फळ त्याच्या नजरेत भरत नाही. म्हणजे हे फळ रंग दाखवून कोणाला बोलवतच नाही. रात्री वास घेत हिंडणाऱ्याला रंगाचं काय!

अर्जेंटिनात बारिलोचे गावाजवळ नाहुएल हुआपी नावाचं मोठं सरोवर आहे. त्याच्या काठच्या जंगलात गिलेर्मो आमिको आणि मार्सेलो आयसेन या संशोधकांनी या कोड्याचा माग काढला आणि 2000 साली ‘नेचर’मध्ये आपला निष्कर्ष छापला. किंत्रालची फळं खाणारा आणि बिया फांदीवर पोचवणारा प्राणी मोनितो होता. फांद्यांवर बियांच्या माळा सापडत होत्या, चिकट धाग्याने एकीला दुसरी जोडलेली. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मोनितोच्या पोटातून गेलेल्या बिया रुजल्या. फळातून हाताने सोलून काढलेल्या बिया रुजल्या नाहीत. आपल्या फुलटोच्याचं काम पोहोचवण्याचं. मोनितोच्या पोटातून गेल्याशिवाय मात्र ही बी जागीच होत नाही.

किंत्राल नुसतंच बांडगूळ असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ते फुलतं थंडीत, जेव्हा त्या जंगलात फारसं काहीच फुललेलं नसतं. तिथे हिरव्या पाठीचा एक छोटा हमिंगबर्ड आहे. हिवाळ्यात त्याच्या पोटाचा मोठा आधार म्हणजे किंत्रालचा मध. वसंत आला की हाच पक्षी जंगलातल्या कितीतरी झाडांचं आणि झुडपांचं परागीकरण करतो. त्या जंगलातल्या काष्ठी वनस्पतींपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा परागीकरणासाठी त्याच्यावर अवलंबून आहे. आता साखळी जोडून पाहा. मोनितो नसेल तर किंत्राल रुजणार नाही. किंत्राल नसेल तर हमिंगबर्डची हिवाळ्यात उपासमार. हमिंगबर्ड कमी झाले तर झाडांना फळं धरणार नाहीत. तीस ग्रॅमच्या प्राण्याच्या पोटावर हे सगळं उभं आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घरातल्या काट्यावर तीस ग्रॅम साखर तोलून हातात घेऊन पाहिली. मूठसुद्धा भरली नाही.

मोनितो फक्त बांडगुळाचीच फळं खात नाही. किडे, अळ्या, कोळी हा त्याचा मुख्य आहार, आणि उन्हाळ्यात त्यात भरपूर फळांची भर पडते. डझनाहून अधिक जातींच्या बिया तो जंगलभर पसरवतो. पण किंत्रालची बी रुजायला मात्र तोच लागतो.

त्याचं घर नीट डोळ्यांसमोर आणायचं तर आपल्या पावसाळी जंगलाचं चित्र आधी पुसायला हवं. सह्याद्रीत पाऊस येतो तो उकाड्याच्या शेवटी. चिलीच्या वाल्दिव्हिया परिसरात पावसाचा जोर हिवाळ्यात असतो, आणि तिथला हिवाळा जून ते ऑगस्ट. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, पण हवा गार, आणि उंचावर बर्फ. या जंगलाला वाल्दिव्हियाचं समशीतोष्ण वर्षावन म्हणतात. पश्चिमेला प्रशांत महासागर, पूर्वेला अँडीज पर्वत आणि त्यापलीकडे कोरडं पठार, उत्तरेला वाळवंटाकडे सरकत जाणारी रुक्ष जमीन, दक्षिणेला हिमनद्या. चारी बाजूंनी कोंडलेलं हे जंगल जमिनीवरचं बेटच झालं आहे. जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारे जीव त्यामुळे इथे टिकून राहिले.

झाडं कोणती? नोथोफागस, म्हणजे दक्षिणी बीच, हा इथला मुख्य वृक्ष. त्यांच्यामध्ये आलेर्से नावाचे सूचिपर्णी वृक्ष आहेत. त्यातल्या एका झाडाची वर्षवलयं मोजली तेव्हा वय तीन हजार सहाशे वर्षांच्या वर निघालं. खोडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, आणि खाली किला नावाच्या बांबूची अशी दाटी की माणसाला वाट काढणं कठीण. मोनितोचं आयुष्य या किलाशी बांधलेलं आहे. त्याचं घरटं चेंडूसारखं गोल, साधारण वीस सेंटीमीटर रुंद. बाहेरून किलाची पानं एकावर एक विणलेली, त्यांच्यावर पाणी ठरत नाही. आतून मऊ शेवाळाचा आणि गवताचा थर. कोकणात इरलं जसं पानं एकमेकांवर चढवून विणतात आणि पाऊस वरून घसरून जातो, तशीच ही रचना. असं घरटं ढोलीत, पडक्या ओंडक्यात किंवा बांबूच्या जाळीत, बहुतेक वेळा जमिनीपासून थोडं उंच असतं.

आता हिवाळा. लहान शरीर लवकर थंड होतं. बशीत ओतलेला चहा कपातल्या चहाआधी निवतो, कारण त्याच्या मानाने हवा लागणारा पृष्ठभाग जास्त असतो. तीस ग्रॅमच्या प्राण्याचं तेच होतं. अंगात ऊब ठेवायची तर त्याला अखंड खात राहावं लागेल, आणि थंडीत किडे नाहीत, फळं नाहीत. मोनितोने यावर मार्ग काढला आहे. शरद ऋतूत तो खाऊन खाऊन जाड होतो, जवळजवळ दुप्पट वजनाचाही होऊ शकतो. ही चरबी मुख्यतः शेपटीच्या बुडाशी साठते, म्हणून तेव्हा त्याची शेपटी मुळाशी गाजरासारखी फुगलेली दिसते. मग थंडी वाढली की तो अंगातली शेकोटीच मंद करतो. शरीराचं तापमान भोवतालच्या हवेपर्यंत उतरतं, श्वास मधूनमधून चालतो, आणि एरवी मिनिटाला शेकड्यांनी पडणारे हृदयाचे ठोके बोटांवर मोजण्याइतके उरतात. हीच शीतनिद्रा. दक्षिण अमेरिकेतल्या शिशुधान प्राण्यांमध्ये अशी शीतनिद्रा घेणारा हा एकच ठाऊक आहे.

तिला झोप म्हणणं मला पूर्ण पटत नाही. झोपेत शरीर ऊब राखून असतं, इथे ते ऊबच सोडून देतं. आणि हे सलग महिनोन्‌महिने चालत नाही. काही दिवसांनी तो अंग तापवून जागा होतो आणि पुन्हा गारठतो. हिवाळाच हवा असंही नाही. एखादा दिवस फार थंड गेला किंवा खायला मिळालं नाही, तर तो काही तासांपुरतंही असं करू शकतो. एका घरट्यात अनेकदा बरेच जण एकमेकांना चिकटून बसतात, म्हणजे ऊब वाटून घेता येते.

या प्राण्याची आणखी एक बाजू आहे, आणि ती थेट आपल्या विदर्भापर्यंत येते. दिसायला मोनितो अमेरिकेतल्या ओपोसमसारखा आहे. ओपोसम हेही तिकडचेच शिशुधान प्राणी, म्हणून बराच काळ मोनितोलाही त्यांच्याच पंगतीला बसवलं होतं. 1982 मध्ये फ्रेडरिक सलाय या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्याच्या घोट्याची हाडं तपासली. घोट्यात दोन मुख्य हाडं एकमेकांवर बसतात. ओपोसममध्ये ती ज्या पृष्ठांवर टेकतात ते वेगवेगळे असतात. ऑस्ट्रेलियातल्या कांगारू, कोआला, पॉसम यांच्यात ते एकत्र येऊन एकच सलग पृष्ठ झालेलं असतं. मोनितोचा घोटा ऑस्ट्रेलियाच्या बाजूचा निघाला. चिलीच्या जंगलात राहणाऱ्या या जीवाचे सख्खे नातलग ओपोसम नव्हते, ते महासागरापलीकडे होते.

एका सांध्यावरून एवढा मोठा दावा कसा करायचा, असा प्रश्न कोणालाही पडेल, आणि तेव्हा तो पडलाही. 2010 मध्ये जनुकांच्या पुराव्याने त्याला बळ मिळालं. डीएनएमध्ये काही तुकडे स्वतःची नक्कल करून दुसरीकडे जाऊन बसतात. हे समजायला जुन्या हस्तलिखित पोथ्या आठवा. दोन पोथ्यांत नेमक्या त्याच ओळीत, तीच चूक सापडली, तर दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरवल्या आहेत हे ओळखता येतं. तसंच इथे. मोनितो आणि ऑस्ट्रेलियातले शिशुधान प्राणी यांच्यात असे तुकडे नेमक्या त्याच जागी मिळाले. शिवाय हेही दिसलं की मोनितोची शाखा आधी फुटली, आणि ऑस्ट्रेलियातले सगळे एकमेकांना त्याच्यापेक्षा जवळचे आहेत. म्हणजे तो कांगारूचाही चुलत भाऊ आणि कोआलाचाही, सारख्याच अंतरावरचा.

मग हे पॅसिफिक ओलांडून गेले कसे? ओलांडावा लागलाच नाही. तेव्हा दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया एकमेकांना जोडलेल्या होत्या, आणि अंटार्क्टिकावर बर्फ नव्हता, जंगल होतं. अंटार्क्टिकाजवळच्या सेमूर बेटावर शिशुधान प्राण्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. त्यात मोनितोच्याच गणातल्या एका प्राण्याचे दात आहेत. तिथेच दक्षिणी बीचचेही जीवाश्म आहेत. मोनितो आज ज्या झाडांवर फिरतो त्यांचे पूर्वज आणि त्याचे पूर्वज एकाच जंगलात होते, आणि त्या जंगलावर आज बर्फाचा जाड थर आहे.

या जोडलेल्या महाखंडाचं नाव गोंडवाना. भूगर्भशास्त्रज्ञ हेन्री मेडलिकॉट यांनी 1872 मध्ये मध्य भारतातल्या खडकांसाठी गोंडवाना हा शब्द वापरला. चांदा, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात आणि त्याच्या उत्तरेला जिथे गोंड राजांची राज्यं होती, त्या भूमीचं हे नाव. पुढे भूगर्भशास्त्रज्ञ एदुआर्द झ्यूस यांनी ते अख्ख्या दक्षिणी महाखंडाला लावलं. चंद्रपूरच्या कोळशाच्या थरांत ज्या वनस्पतींचे ठसे सापडतात, तशाच वनस्पतींचे ठसे अंटार्क्टिकात आणि दक्षिण अमेरिकेतही मिळतात. मग आपल्या रानात मोनितोचा एखादा भाऊबंद का नाही? कारण भारताचा तुकडा साधारण 13 कोटी वर्षांपूर्वीच अंटार्क्टिकापासून सुटून उत्तरेकडे निघाला होता. शिशुधान प्राणी अंटार्क्टिकावरून ऑस्ट्रेलियाकडे गेले तेव्हा आपण त्या वाटेवर नव्हतोच.

बांडगुळाचं कूळ मात्र दक्षिणेतच जन्मलं असं मानतात. आमिको आणि आयसेन यांनी तर असाही विचार मांडला की बांडगुळाच्या बिया वाहून नेणारे पक्षी नव्हते, त्या काळी हे काम मोनितोच्या पूर्वजांकडे असावं. पुराव्याने ते पक्कं झालेलं नाही. पण आंब्याच्या फांदीवरचा तो चिकट धागा पाहिला की मला हा विचार आठवल्याशिवाय राहत नाही.

मोनितोला ‘जिवंत जीवाश्म’ म्हणायची पद्धत आहे. मला ती आवडत नाही. त्याच्या गणातले बाकीचे सगळे नाहीसे झाले, हा त्यातला ठेवण्याजोगा भाग. पण म्हणून तो भूतकाळात अडकलेला नाही. आजच्या थंडीशी, आजच्या जंगलाशी रोज रात्री त्याची गाठ आहे. 2016 मध्ये काही संशोधकांनी मोनितोची एक नाही तर तीन जाती असाव्यात असं सुचवलं. त्यावर वाद झाला आणि अजून पूर्ण मिटलेला नाही.

त्याच्या बहुतेक संकटांचं मूळ एकाच गोष्टीत आहे: तो उघड्या जमिनीवरून चालत नाही, फांदीवरून फांदीवर जातो. मधे मोकळं शेत आलं तर पलीकडचं जंगल त्याच्यासाठी संपलं. चिलीत 1974 च्या एका कायद्याने वृक्षलागवडीला सरकारी मदत मिळाली. मग किनाऱ्याकडच्या डोंगरांवर जुन्या जंगलांच्या जागी पाइन आणि निलगिरीच्या सरळ रांगा उभ्या राहिल्या. कागदावर तीही ‘वनं’च. पण तिथे खाली किला नाही, ढोल्या नाहीत, फळं नाहीत. आपल्याकडेही जंगल तोडून एकाच जातीची लागवड केली की हिरवळ मोजली जाते, जंगल नाही. ज्या निलगिरीच्या जुन्या लागवडी सोडून दिल्या आणि त्यांच्या सावलीत देशी झाडी पुन्हा वाढली, तिथे मोनितो परतलेला दिसतो. म्हणजे त्याला हवी आहे ती खालची गर्दी. पाळीव मांजरंही त्याला मारतात. शिवाय काही भागांत घरात मोनितो दिसणं अशुभ मानलं जायचं, आणि तेवढ्यासाठी घर जाळून टाकल्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. संकटाच्या उंबरठ्यावरच्या प्राण्यांत त्याची गणना होते.

जून महिना. आपल्याकडे मिरगाचा पाऊस पडत असतो तेव्हा तिकडे दिवस लहान झालेले असतात. किंत्रालच्या लाल नळ्यांपाशी हमिंगबर्ड पंख फडफडवत थांबतो, चोच आत घालतो, पुढच्या फुलाकडे वळतो. त्याची आणि मोनितोची गाठ कधी पडत नाही, एकाचा दिवस हिवाळ्यातला, दुसऱ्याची रात्र उन्हाळ्यातली. हमिंगबर्ड ज्या फांदीवर खातो आहे तिच्या खाली, खोडाच्या ढोलीत, किलाच्या पानांच्या चेंडूत चार-पाच मोनितो एकमेकांत गुंतून गारठलेले असतात, शेपट्या जाड, आणि त्यातल्या एकाचा श्वास बऱ्याच वेळाने एकदा येतो.